गिटचं --फॉरमॅट सात महिने वापरलं, आणि शेवटची ओळ एकदाही आली नव्हती

गिट म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं टूल, आणि --फॉरमॅट म्हणजे त्याने आउटपुट कसं छापायचं ते सांगणारं ऑप्शन. मागच्या गुरुवारी रात्री साडेदहाला एक हॉटफिक्स (तातडीची दुरुस्ती) सोडला, त्यात कमिट, म्हणजे नोंदवलेला बदल, फक्त एक, आणि आमच्या स्क्रिप्टने बनवलेली रिलीज नोट आली पूर्ण कोरी. वर मथळा, तारीख, टॅगचं (रिलीजच्या जागी लावलेल्या खुणेचं) नाव सगळं नीट, खाली काहीच नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही. सात महिने ही स्क्रिप्ट चालतेय, कधी कुरकुर नाही, म्हणून आधी वाटलं टॅगच चुकीच्या जागी लागला असणार. तो बरोबर होता. टर्मिनलवर तीच गिट लॉगची (कमिटची यादी दाखवणारी) कमांड हाताने चालवली तर कमिट समोर दिसतोय, स्क्रिप्टमधून चालवली की गायब.

स्क्रिप्ट का लिहिली ते सांगतो. रिलीज नोट बनवून देणारं एक पेड टूल आम्ही बघितलं होतं, दर माणशी दर महिन्याला डॉलरमध्ये पैसे, आणि आम्ही अकरा जण. जी माहिती आपल्याच रिपोत (कोडच्या साठ्यात) पडलीय ती आपल्यालाच दाखवायला कुणाला दर महिन्याला पैसे का द्यायचे? गिट फुकट, शेल फुकट, एक शनिवार घालवला की काम झालं. हे माझं मत आजही तेच आहे.

तर झालं काय होतं. आधी मी टॅगची यादी काढायला फॉर-ईच-रेफ (टॅग-ब्रँचची यादी देणारी गिटची कमांड) वापरलं होतं, त्याला --फॉरमॅट दिलं, आउटपुट पाइपने व्हाइल-रीडच्या, म्हणजे एकेक ओळ वाचून काम करणाऱ्या, लूपमध्ये, उत्तम चाललं. मग तोच लूप उचलून कमिटच्या यादीला लावला, फक्त आत गिट लॉग घातलं आणि नेटवर दहा ठिकाणी असतं तसं --प्रिटी बरोबर फॉरमॅट कोलन, पुढे स्मॉल एच (कमिटचा छोटा आयडी), लेखकाचं नाव, विषय. इथे गोम आहे. फॉर-ईच-रेफ प्रत्येक ओळीच्या शेवटी न्यूलाइन (ओळ तोडणारं चिन्ह) देतं. लॉगमधलं 'फॉरमॅट कोलन' मात्र दोन कमिटच्या मध्ये न्यूलाइन देतं, म्हणजे सगळ्यात शेवटच्या कमिटनंतर न्यूलाइन येतच नाही. आणि शेलच्या रीडला शेवटी न्यूलाइन मिळाली नाही की तो ओळ वाचतो खरी, पण 'संपलं' म्हणून परत येतो, त्यामुळे लूपची बॉडी त्या ओळीसाठी चालतच नाही. एकच कमिट असेल तर तोच शेवटचा, म्हणून नोट कोरी.

उपाय एका अक्षराचा आहे. फॉरमॅट कोलनऐवजी टी-फॉरमॅट कोलन लिहा. किंवा --फॉरमॅट लिहून सरळ परसेंटपासून सुरुवात करा, तेव्हा गिट आपोआप टी-फॉरमॅटच धरतं. मॅन्युअलमध्ये हे स्वच्छ लिहिलंय, एक सेपरेटर (मध्ये येणारा) आणि एक टर्मिनेटर (प्रत्येकाच्या शेवटी येणारा), उदाहरणासकट, ते मान्य. पण ज्या माणसाने शेजारच्या कमांडला तेच नाव दिलेलं ऑप्शन वापरून बघितलंय तो परत मॅन्युअल कशाला उघडेल?

मला राग आला तो जुन्या नोटा तपासल्यावर. सात महिन्यांत नऊ रिलीज, नऊच्या नऊ नोटांमधून एकेक कमिट गायब. लॉग नव्याकडून जुन्याकडे जातो, त्यामुळे दर वेळी बळी गेला तो त्या रिलीजमधला सगळ्यात जुना, म्हणजे ज्याने सगळ्यांच्या आधी काम संपवलं त्याचा. त्यातला एक कमिट आमच्याकडे नवीन लागलेल्या मुलीचा पहिलाच होता. तिने तेव्हा नोट उघडून बघितली होती आणि काही बोलली नव्हती, हे तिने मला काल सांगितलं. मला ते फार लागलं.

दुसरी गोष्ट ब्रँचच्या यादीची. पडून राहिलेल्या ब्रँच (कोडच्या वेगळ्या फांद्या) कुणाच्या आणि कधीच्या हे बघायला लॉगमधली सवय म्हणून गिट ब्रँचच्या --फॉरमॅटमध्ये परसेंट ए-डी टाकलं, लॉगमध्ये ती लेखकाची तारीख असते. आउटपुटमध्ये तारखेच्या जागी ते काळं प्रश्नचिन्ह. बराच वेळ मी लोकेल आणि फॉन्ट बघत बसलो. खरं कारण असं की ब्रँच, टॅग आणि फॉर-ईच-रेफच्या भाषेत परसेंटपुढे दोन हेक्स अंक (0 ते 9 आणि ए ते एफ) आले की तो त्या कोडचा बाइट होतो. ए आणि डी दोन्ही हेक्स अंक! म्हणजे त्याने एडी नावाचा बाइट छापला, जो यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत) एकटा उभाच राहू शकत नाही. परसेंट ए-एन दिलं असतं तर जसंच्या तसं छापलं गेलं असतं, कारण एन हेक्स नाही. एकच ऑप्शन, एकच चिन्ह, एकीकडे तारीख आणि दुसरीकडे कचरा, आणि दोन्हीकडे एक्झिट कोड शून्य, म्हणजे 'सगळं ठीक'. नल बाइट हवा असेल तर लॉगमध्ये परसेंट एक्स शून्य शून्य, इकडे मधला एक्स नाही. रंग वेगळे लिहायचे, रकाने जुळवायचं वेगळं. स्टेटसला तर --फॉरमॅट नाहीच, तिथे पोर्सिलेन नावाचं ठरलेलं आउटपुट, त्याच्याही दोन आवृत्त्या.

इथपर्यंत माझं मत होतं की सगळीकडे लॉगची छोटी अक्षरं आणा आणि विषय संपवा. गेल्या आठवड्यात ते पूर्ण बदललं. चिडून सगळी स्क्रिप्ट नव्याने लिहायला घेतली तेव्हा ब्रँच आणि फॉर-ईच-रेफची कंसातली लांब नावं वापरून बघितली, रेफनेम, ऑथरनेम, कमिटरडेट कोलन शॉर्ट, आणि ती तीन महिन्यांनी वाचली तरी कळतील अशी आहेत. कंसात नाव चुकलं तर ही भाषा फेटल देऊन थांबते, अनोळखी फील्ड म्हणून सांगते. लॉगला अनोळखी काही दिलं तर तो ते मुकाट्याने छापून पुढे जातो. मला थांबणारं टूल हवंय. शिवाय इफ-देन-एल्स आहे. आणि अहेड-बिहाइंड! गिट 2.41 मध्ये, म्हणजे जून 2023 ला आलंय आणि मला पत्ताच नव्हता. आमच्या जवळपास 180 ब्रँच मेनच्या किती पुढे किती मागे हे मी प्रत्येकीसाठी वेगळी रेव्ह-लिस्ट (कमिट मोजायची कमांड) चालवून मोजत होतो, ते आता एका कमांडमध्ये येतं. त्या दिवशी खरंच आनंद झाला.

हे सगळं एक करायचं काम गिटवाले बरीच वर्षं करतायत हे पण तेव्हाच वाचलं. टॅगला हे फॉरमॅट गिट 2.7 मध्ये मिळालं, ब्रँचला 2.13 मध्ये, 2017 साली. फाइल्सची यादी देणाऱ्या दोन कमांडपैकी एलएस-ट्रीला एप्रिल 2022 मध्ये, एलएस-फाइल्सला त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. गूगल समर ऑफ कोडच्या (ओपन सोर्सवर काम करायच्या गूगलच्या कार्यक्रमाच्या) विद्यार्थ्यांनी एकाहून जास्त वर्षं यावरच काम केलंय. 2021 मध्ये कॅट-फाइलला (गिटमध्ये साठवलेल्या ऑब्जेक्टचा मजकूर दाखवणाऱ्या कमांडला) हीच भाषा लावायचा प्रयत्न झाला, तेव्हा वेग कमी होतो हा मुद्दा आडवा आला, आणि तो मुद्दा मला पटतो कारण कॅट-फाइल लोक लाखो ऑब्जेक्टवर चालवतात. लोकांच्या वीस वर्षांच्या स्क्रिप्ट जुन्या अक्षरांवर उभ्या आहेत, ती काढता येणार नाहीत हेही समजतं. पण मग निदान लॉगला लांब नावं सगळी शिकवा ना, ट्रेलर्स (कमिट संदेशाच्या शेवटच्या ओळी) आणि डिस्क्राइब (जवळच्या टॅगवरून नाव) तो कंसात घेतोच की.

मर्क्युरियल हे गिटसारखंच टूलही एप्रिल 2005 चंच, गिटच्याच वयाचं, आणि तिथे लॉग, टॅग्ज, ब्रँचेस, स्टेटस सगळ्यांना तेच डॅश कॅपिटल टी (टेम्प्लेटचं ऑप्शन), जेसन हवं तर त्याच्यापुढे जेसन लिहायचं. न्यूलाइन हवी तर टेम्प्लेटमध्ये स्वतः लिहायची, नाही लिहिली तर नाही येत, सगळीकडे सारखंच. जेजे या नव्या टूलने पण हाच रस्ता धरलाय. तरी मी गिट सोडणार नाही, अकरा जणांना नवीन टूल शिकवायचा खर्च त्या पेड टूलपेक्षा जास्त होईल.

सध्याची स्थिती अशी. ब्रँच आणि टॅगचं सगळं लांब नावांवर, लॉगमध्ये फक्त टी-फॉरमॅट, आणि एकच कमिट असलेली एक छोटी रिपो टेस्टसाठी बनवलीय, तिची नोट कोरी आली तर बिल्ड फेल. जुन्या नऊ नोटा दुरुस्त करून परत टाकल्या, त्या मुलीच्या कमिटसकट. अडलंय ते बिल्ड सर्व्हरवर, तिथे उबुंटू 22.04 आणि त्याच्याबरोबर आलेलं गिट 2.34.1, म्हणजे एलएस-ट्रीचं --फॉरमॅट नाही आणि अहेड-बिहाइंडही नाही. अपग्रेडची परवानगी मागितलीय, तोपर्यंत तिथे ऑक या मजकूर तोडायच्या जुन्या टूलनेच रकाने तोडतोय.