खोबऱ्याचं वाटप: मिक्सर, टेबलटॉप ग्राइंडर की पाटा?

कोकणातल्या घरासाठी वाटण्याचं साधन घ्यायचं असेल तर दुकानात वॉट आणि वॉरंटी विचारण्याआधी एक गोष्ट ठरवा: तुमच्या घरी रोज काय वाटलं जातं आणि किती? दोन माणसांच्या घरात अर्ध्या नारळाचं वाटप (म्हणजे आमटीसाठीचं ओल्या खोबऱ्याचं वाटण), रविवारी आंबोळ्यांचं पीठ आणि गणपतीत मुंबईचे चाकरमानी आले की पाच-सहा नारळ ही तीन वेगळी कामं आहेत. तिन्ही सारखीच चांगली करणारं एक यंत्र नाही.

वाटप चांगलं झालं की नाही हे दोन गोष्टींवरून कळतं. ते कमी पाण्यात बारीक झालं पाहिजे आणि वाटताना फार तापता कामा नये. भरड राहिलं तर बांगड्याच्या आमटीत चोथा तळाला बसतो आणि वर पाणी तरंगतं. फार वेळ फिरवून तापवलं तर खोबऱ्यातला स्निग्धांश पाण्यापासून सुटतो, वाटपावर तेलाची चकाकी येते आणि आमटी उकळताना फुटते. ओल्या खोबऱ्याचा साधारण एक तृतीयांश भाग स्निग्धांशच असतो, त्यामुळे हे हमखास घडतं.

मिक्सर

मिक्सरचं पातं मिनिटाला हजारो फेरे घेतं. पण ते कापतं, चिरडत नाही. जारमध्ये पाणी कमी असेल तर खोबरं कडेला चिकटतं आणि पातं मधल्या पोकळीत नुसतंच फिरत राहतं. मग आपण पाणी वाढवतो, नाहीतर वेळ वाढवतो. पाणी वाढवलं तर वाटप पातळ होतं, वेळ वाढवला तर ते तापतं.

उपाय क्रमात आहे. सुकी मिरची आणि धणे कोमट पाण्यात १५-२० मिनिटं भिजवा आणि आधी तेवढेच दोन-तीन चमचे पाण्यात वाटून घ्या. मिरचीची साल खोबऱ्याबरोबर टाकली तर शेवटपर्यंत दिसत राहते. मग खोबरं आणि अर्धी वाटी पाणी घाला. नॉब उलट्या बाजूला फिरवून पाच-सहा झटके द्या, झाकण काढून कडा चमच्याने खाली ओढा, दुसऱ्या वेगावर अर्धा मिनिट फिरवा, पुन्हा कडा ओढा, शेवटी तिसऱ्या वेगावर मिनिटभर फिरवा. जारचा तळ हाताला गरम लागला की थांबायचं. जार विसळलेलं पाणी आमटीत जातंच, म्हणून सुरुवातीलाच पाणी ओतून बसू नका.

जारचा आकार वॉटइतकाच महत्त्वाचा. एका मध्यम नारळाचं खोबरं साधारण पाव किलो भरतं. त्याला एक लिटरच्या आसपासचा मधला जार बरोबर बसतो. दीड लिटरच्या मोठ्या जारमध्ये तेवढंच खोबरं पात्याच्या वर उडून कडेला बसतं. अर्ध्या नारळाला चटणीचा छोटा जार घ्या, पण तो दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. रोज खोबरं वाटणाऱ्या घराला ७५० वॉट पुरे. ५०० वॉटचा मिक्सर ओलं खोबरं वाटतो, मात्र भाजलेल्या सुक्या खोबऱ्याला आणि अख्ख्या धण्याला धापा टाकतो. १००० वॉटचा घेऊन घरगुती वाटपात फरक पडत नाही, आवाज मात्र वाढतो.

काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचं किंवा कोंबडीच्या रश्श्याचं भाजलेलं कांदा-खोबरं पूर्ण गार झाल्याशिवाय जारमध्ये घालू नका. गरम वाटणाची वाफ कोंडते, झाकण उडतं आणि तिखट तोंडावर येतं.

किनाऱ्यालगतच्या घरात मिक्सर बिघडतो तो बहुतेक वेळा मोटरमुळे नाही, जारच्या तळामुळे. खारी हवा आणि ओला ठेवलेला जार यांनी पात्याखालचा बुश (पात्याची दांडी ज्यात फिरते ती नळी) गंजतो आणि पातं जड फिरू लागतं. मग मोटरवरच्या कपलरचे (मोटर आणि जार जोडणाऱ्या चकतीचे) दाते झिजतात. जार लावण्याआधी पातं फिरवून पाहा (उलट्या चमच्याने, बोटाने नाही). अडकत असेल तर मिक्सर सुरू करू नका. जारच्या खाली काळपट पाणी दिसलं की बुश गेला असं समजा आणि त्याच दिवशी बदला. तेच पाणी खाली मोटरमध्ये उतरतं आणि पाचपन्नास रुपयांच्या भागाचं काम हजारावर जातं. धुतलेला जार उपडा ठेवून पूर्ण वाळू द्या. मिक्सर मध्येच बंद पडला तर प्लग काढा, जारमधलं थोडं वाटण कमी करा, दहा मिनिटं थांबा आणि मग बुडाचं लाल बटण दाबा. तेच बटण लगेच पुन्हा पुन्हा दाबत राहिलात तर मोटरची गुंडाळी जळते.

पावसाळ्यात भिंती ओलसर असतात, जमीन ओली असते. तीन पिनांचा प्लग, चालू अर्थिंग आणि बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) या तीन गोष्टी नसतील तर नव्या मिक्सरच्या आधी तो खर्च करा.

टेबलटॉप वेट ग्राइंडर

हे दक्षिणेकडचं यंत्र. कोइमतूरच्या वेट ग्राइंडरला भौगोलिक मानांकनही आहे. स्टीलच्या ड्रमच्या तळाला दगड असतो, त्यावर दोन-तीन दगडी लाट्या फिरतात. १५० वॉटच्या आसपासची मोटर सावकाश चालते आणि दगड चिरडतात. त्यामुळे वाटण फारसं तापत नाही.

खरा फरक उडदात दिसतो. आंबोळीचं पीठ (तीन-चार वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद, चमचाभर मेथी) दगडावर वाटलं की उडदात हवा धरली जाते, पीठ फुगून येतं आणि आंबोळीला जाळी पडते. मिक्सरमध्ये तेच उडीद गरम होतात, चिकट होतात, आणि जाळी येण्यासाठी बर्फाचं पाणी घालत बसावं लागतं. उडीद आणि तांदूळ वेगळे वाटा. उडीद २०-२५ मिनिटं, पाणी चमच्याचमच्याने. चिमटीभर पीठ वाटीतल्या पाण्यात टाका, तरंगलं की झालं. घावनासाठी मात्र या यंत्राची गरज नाही. तिथे फुगवटा नको, पातळ गुळगुळीत पीठ हवं, आणि भिजवलेला तांदूळ मिक्सरही नीट वाटतो.

खोबऱ्याच्या बाबतीत मात्र दुकानदार अर्धंच सांगतात. दोन लिटरच्या ड्रममध्ये एका नारळाचं वाटप होत नाही. खोबरं भिंतीला चिकटतं, लाट्या कोरड्या फिरतात आणि तुम्ही हातात चमचा घेऊन वीस मिनिटं तिथेच उभे राहता. दोन नारळांच्या पुढे ते सुरळीत चालतं, चार नारळांना तर मिक्सरपेक्षा कमी कष्टाचं आणि सरस वाटप देतं. तुकडे नाही, किसलेलंच खोबरं लागतं, आणि मिरची आधी मिक्सरमधून काढून घेतलेली बरी.

दुसरी अडचण वासाची. लसूण घातलेलं माशाचं वाटप वाटल्यावर दगडात वास राहतो आणि तो दुसऱ्या दिवशीच्या आंबोळीत उतरतो. म्हणून पीठ आधी, वाटप नंतर, मग मूठभर भिजलेले तांदूळ फिरवून टाकून द्यायचे. माशाच्या आमटीतलं तिरफळ मात्र वाटायचं नसतं, ठेचून वरून घालायचं असतं. नवा ग्राइंडर आणल्यावर पहिल्या दोन वेळांचं तांदळाचं वाटण फेकून द्या, दगडाची कच त्यात उतरते.

लवकर मोडतो तो आतला, भिंतीवरचं पीठ खाली ओढणारा प्लॅस्टिकचा वायपर, आणि सैल होतो तो पट्टा. पट्टा सैल झाला की मोटर गुणगुणते पण ड्रम अडखळतो. यंत्राचं वजन दहा किलोच्या वर असतं, म्हणून त्याला ओट्यावर कायमची जागा हवी. कपाटात ठेवलेला ग्राइंडर महिन्याभरात वापरातून जातो.

पाटा-वरवंटा

एका नारळाचं वाटप सरावलेल्या हाताला वीस-पंचवीस मिनिटं घेतं. पण अगदी थोड्या पाण्यात इतकं बारीक वाटप मिक्सरवर होत नाही. बांगड्याच्या आमटीचा घट्ट, गंधासारखा रस पाट्यावरच निघतो. आम्ही हे रोज करा असं म्हणणार नाही, गुडघे आणि पाठ यांचा विचार आधी. पण घरात असलेला पाटा काढून टाकू नका.

नवा घेताना काळ्या दगडाचा घ्या. जांभा सच्छिद्र असतो, झिजतो, त्याचा पाटा होत नाही. पाटा गुळगुळीत झाला की खोबरं दबतं, वाटलं जात नाही. अशा वेळी टाकी लावून (छिन्नीने बारीक खळगे पाडून) घ्यावी लागते, आणि टाकी लावणारे आता तालुक्याच्या बाजारातही शोधावे लागतात. टाकी लावल्यावर आधी मूठभर तांदूळ वाटून फेका. साबण नको, तो टाक्यांच्या खळग्यांत बसतो. गरम पाणी आणि नारळाच्या सोडणाचा ब्रश पुरे. आणि कडाप्प्याच्या ओट्यावर पाटा ठेवून वाटू नका, धक्क्याने ओटा तडकतो.

जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन-दापोलीकडच्या गावांत वीज यायला आठवडे लागले आणि मे २०२१ च्या तौक्तेनंतर सिंधुदुर्गातही अनेक गावं दिवसेंदिवस अंधारात होती. पाटा ठेवा म्हणतो ते अशा दिवसांसाठी.

विजेचा हिशोब आणि इन्व्हर्टर

बिलाची काळजी करू नका. ७५० वॉटचा मिक्सर पाच मिनिटं म्हणजे सुमारे ०.०६ युनिट, १५० वॉटचा ग्राइंडर चाळीस मिनिटं म्हणजे ०.१ युनिट. इन्व्हर्टरवर मात्र दोघांत मोठा फरक पडतो. घरातला ७००-९०० व्हीएचा इन्व्हर्टर ७५० वॉटचा मिक्सर सुरू होताना ट्रिप होतो, ग्राइंडर मात्र आरामात ओढतो. इन्व्हर्टर साध्या स्क्वेअर वेव्हचा असेल तर ग्राइंडरची मोटर गुरगुरते आणि तापते, तेव्हा साइन वेव्हचाच घ्या.

खोवणं विसरू नका

निम्मं वाटप विळीवरच ठरतं. खोवताना करवंटीलगतची तपकिरी साल उतरली तर सोलकढी मातकट दिसते आणि कितीही वाटलं तरी तिचे कण राहतात. खवणीचे दाते बोथट झाले की किस जाड येतो. ओट्याला चिकटणारी हँडलची खवणी गुळगुळीत ग्रॅनाइटवर किंवा टाइल्सवरच धरते, खडबडीत कडाप्प्यावर सुटते. खोबरं फ्रिजमधलं असेल तर अर्धा तास बाहेर ठेवा. नारळाचं तेल २४-२५ अंशांच्या खाली गोठतं, गार खोबरं पात्याभोवती गोळा होतं आणि रस पातळ निघतो. सोलकढीला म्हणूनच कोमट पाणी. तिला वाटप बारीक नको, दोन वेळा मिक्सरमधून भरड काढून पिळायचं, त्यामुळे ग्राइंडरचा इथे काहीच उपयोग नाही.

काय घ्यावं

दोन ते चार माणसं, रोज एखादा नारळ: चांगला ७५० वॉटचा मिक्सर, साधारण तीन ते सहा हजारांत. आयएसआय चिन्ह बघा आणि पैसे उरले तर एक जास्तीचा मधला जार घ्या, मोठा ज्यूसर जार नको. आठवड्याला आंबोळ्या किंवा इडल्या होत असतील तर मिक्सरच्या जोडीला दोन लिटरचा टेबलटॉप, तोही चार-आठ हजारांत येतो. नुसता ग्राइंडर घेऊन मिक्सरला सुट्टी देता येत नाही. वर्षाचा मसाला या तिघांपैकी कशावरच करू नका, तो कांडप गिरणीवरच न्या.

मालवण, गुहागर, अलिबागकडे घरगुती खानावळ किंवा होमस्टे चालवत असाल तर हिशोब वेगळा. दिवसाला आठ-दहा नारळ घरगुती मिक्सरवर वाटले तर मोटर एक हंगाम काढते, आणि वॉरंटीच्या कागदावर व्यावसायिक वापर बहुधा वगळलेला असतो. तिथे ओतायला सोपा, कलता होणारा मोठा ग्राइंडर आणि चटणीपुरता छोटा मिक्सर घ्या. पैसे देण्याआधी दुकानदाराला विचारा: या मॉडेलचा बुश, कपलर, वायपर आणि पट्टा कुडाळ, रत्नागिरी किंवा महाडला मिळतो का, की मुंबईहून मागवावा लागतो?