घरचा सर्व्हर: रास्पबेरी पाय ५ की एन१०० मिनी पीसी?

सांगलीत घरच्या घरी फोटो साठवायचे आणि टीव्हीवर सिनेमे लावायचे म्हटलं की गाडी बहुधा या दोन नावांवर येऊन थांबते: रास्पबेरी पाय ५, म्हणजे एका छोट्या बोर्डावरचा संगणक (पुढे नुसता ‘पाय’), आणि इंटेलच्या एन१०० प्रोसेसरवर चालणारा मिनी पीसी. वीज दोन्ही कमीच खातात, बिलातला फरक शोधत बसू नका.

खरी गोम ट्रान्सकोडिंगची, म्हणजे व्हिडिओ चालू असतानाच दुसऱ्या रूपात बदलून पाठवण्याची. विश्रामबागेतल्या हॉलमधला नवा टीव्ही फाइल आहे तशी चालवत असेल, तर जेलीफिन (घरचे सिनेमे टीव्ही-मोबाइलवर दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकलेला पायही निवांत काम करतो. पण गावाकडे आजीच्या मोबाइलवर, रडतखडत चालणाऱ्या नेटवर तीच फोर-के फाइल लहान करून पाठवायची म्हटलं की पायला घाम फुटतो. व्हिडिओ एन्कोड करणारं हार्डवेअरच त्यात नाही. सगळा भार प्रोसेसरवर. एन१०० मधलं क्विक सिंक, म्हणजे व्हिडिओ बदलण्यासाठीचं खास हार्डवेअर, हेच काम सहज उरकतं.

पायवर सिस्टिम मेमरी कार्डात ठेवली आणि वळवाच्या पावसात वीज ये-जा करू लागली, की कार्ड बिघडायची धास्ती. मिनी पीसीत एसएसडी आतच असते. (यूपीएस मात्र दोघांनाही हवाच.) शिवाय पायला केस, ५ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर, एनव्हीएमई एसएसडीसाठी हॅट (पायवर बसवायचं जोडकार्ड) असं जोडत गेलं की कसली स्वस्ताई! सेन्सर जोडून खटपट करायची हौस असेल तरच पाय. नाहीतर माझं मत मिनी पीसीला.

गावभागातल्यांनी २०१९ आणि २०२१ चा पूर आठवून डबा वरच्या मजल्यावर ठेवावा, आणि फोटोंची एक प्रत मिरजेच्या पाहुण्यांकडे.