भाड्याची स्की, स्वतःचे बूट आणि एक लाकडी स्लेज: झुरिकजवळचा आमचा हिवाळा

नोव्हेंबरात घेतलेलं सामान एप्रिलमध्ये परत केलं. मधला सगळा हिवाळा ते वापरून, भिजवून, वाळवून झालंय, तेव्हा आता त्याबद्दल ठामपणे लिहायला हरकत नाही. आम्ही चौघं: मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि सहा वर्षांचा मुलगा. मी कोल्हापूरची, नवरा साताऱ्याचा, राहतो झुरिकजवळ. स्की आम्हां दोघांच्याही पायाला पस्तिशीनंतरच लागली, त्यामुळे हा अनुभव नवशिक्या कुटुंबाचा आहे. काळ्या खुणेच्या उतारांवरून भरधाव सुटणाऱ्यांना यातून काही मिळणार नाही.

आधी निकाल सांगून टाकते. मुलांचं सगळं हंगामभराच्या भाड्याने घ्यावं. मोठ्यांनी बूट विकत घ्यावेत, स्की भाड्याची चालते. आणि जास्तीचे पैसे असतील तर ते हातमोज्यांवर घालावेत. स्की कुठल्या कंपनीची, कुठल्या रंगाची, याने नवशिक्याला काडीचाही फरक पडत नाही.

भाड्याचं असं आहे. इथल्या खेळाच्या दुकानांत साधारण ऑक्टोबरपासून हंगामी भाडं सुरू होतं. मुलांचा संच, म्हणजे स्की, बूट आणि काठ्या, अंदाजे १०० ते २०० फ्रँकला पडतो. सामान नवं की वापरलेलं यावर दर ठरतो. हेच डोंगरावरच्या दुकानातून रोजच्या भाड्याने घेतलं, तर थोड्याच फेऱ्यांत तेवढे पैसे जातात. वर सकाळी सकाळी रांगेत जाडजूड कपड्यांत घामाघूम व्हायचं ते वेगळंच. घेताना एक प्रश्न जरूर विचारा: मधेच पाय वाढला तर बूट बदलून देता का? बरीच दुकानं देतात. लेकीचा पाय नाताळनंतर वाढला आणि तिला मोठे बूट जास्तीचे पैसे न देता मिळाले. बूट बदलले की बाइंडिंगही, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, पुन्हा जुळवून घ्यावं लागतं, हे मात्र विसरू नका. पडल्यावर स्की पायातून सुटायला हवी, नाहीतर गुडघा पिरगळतो. ती किती जोर लागल्यावर सुटावी हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि माणूस किती सराईत आहे यावरून काढतात. त्यासाठी आयएसओ ११०८८ हे ठरलेलं मानक आहे. तेव्हा काउंटरवरच्या मुलाने वजन विचारलं की खरं सांगावं. दिवाळीचा फराळ धरून.

काठ्या संचाबरोबर आल्या, पण मुलाच्या हंगामभर तळघरातच राहिल्या. लहान मुलांना सुरुवातीला काठ्यांशिवायच शिकवतात, आणि ते बरंच आहे. सहा वर्षांच्या मुलाच्या हातात काठी दिली की ती तलवार होते.

आता बूट. आपल्याकडे मुलांचं काहीही घेताना ‘वाढत्या मापाचं’ घ्यायची रीत. जॅकेटला ती इथेही चालते. मुलांच्या कित्येक जॅकेटांच्या बाहीत आतून एक जास्तीची दुमड शिवलेली असते. पुढच्या वर्षी तेवढी शिवण उसवली की बाही लांब होते. कल्पना फारच आवडली मला. बुटांच्या बाबतीत मात्र ही रीत घराबाहेर ठेवायची. एका दुकानाने आमच्या मुलाला चांगले दोन मापं मोठे बूट दिले, ‘हंगामभर पुरतील’ म्हणून. पाय आत हलतो, टाच उचलली जाते, वळायला सांगितलं की पाय वळतो आणि स्की सरळच जाते. मूल रडतं ते थंडीने नव्हे, आपलं काही चालत नाही म्हणून. दुसऱ्या दुकानात नीट मापाचे बूट घेतले आणि त्याच आठवड्यात तो वळायला लागला.

माप बघायची पद्धत सोपी आहे. स्कीच्या बुटाचं माप सेंटीमीटरमध्ये असतं. बूट घालून ताठ उभं राहिलं की अंगठा पुढे जेमतेम टेकायला हवा. गुडघे वाकवून पुढे झुकलं की तो किंचित मागे सरकायला हवा. मोजा एकच घालायचा, पातळ लोकरीचा आणि गुडघ्यापर्यंतचा. दोन मोजे घातले की पाय दुप्पट गरम राहतील हा हिशेब इथे उलटा पडतो. बूट आवळला जातो, रक्त नीट पोचत नाही आणि बोटं आणखी गार पडतात. मोज्याची एक जरी चुणी नडगीवर आली तरी दुपारपर्यंत तिथे लालबुंद वळ उठतो.

मी स्वतःचे बूट विकत घेतले आणि दुकानात तासभर घालून बसले. नवऱ्याने भाड्याचे वापरले. दुपारी दोनच्या सुमारास आमच्या चेहऱ्यांकडे बघून कोणालाही कळलं असतं, बूट कोणाचे विकतचे आणि कोणाचे भाड्याचे. भाड्याच्या बुटाचं आतलं अस्तर दहा जणांच्या पायांनी दाबून सैल झालेलं असतं. पुढच्या हंगामात तोही विकत घेणार आहे.

कपड्यांचं थोडक्यात. अंगालगत सुती काही नको. सुती बनियन घामाने भिजतं, वाळत नाही आणि लिफ्टवर बसलं की पाठीला गार फडकं बांधल्यासारखं वाटतं. मेरिनो लोकरीचा आतला जोड महाग पडतो, पण दोन दिवस घालूनही वास येत नाही. उन्हाळ्यात तो नीट बंद करून ठेवायचा, कसर लागते. वरच्या जॅकेट-पँटवर १०,००० मिलिमीटर जलरोधक, म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब सोसणारं कापड, असा आकडा असला की मुलांना पुरतो, आणि धुताना कपडे मऊ करणारं द्रव्य घालायचं नाही, पाणी झटकण्याचा गुण जातो.

हातमोज्यांवर मात्र अजिबात काटकसर नको. चारही बोटं एकत्र आणि अंगठा वेगळा अशा प्रकारचे, मनगटाच्या वर लांब जाणारे, जॅकेटच्या बाहीवरून ओढून घेता येणारे. पाच बोटांचे दिसायला छान, पण मुलांची बोटं त्यात गारठतात. स्वस्तातली जोडी आम्ही जादा म्हणून पाठीवरच्या पिशवीत ठेवायचो आणि दुपारी मुलांना बदलून द्यायचो. तेवढ्याने दिवस दोन तासांनी लांबतो. हात गरम ठेवायच्या पुड्याही दोन प्रकारच्या वापरल्या. एक म्हणजे आतली धातूची चकती टिचकवली की गोठून गरम होणारी, उकळत्या पाण्यात टाकली की पुन्हा वापरता येणारी. मुलांना तिचा खेळ फार आवडतो, पण ऊब तासाभरातच ओसरते. दुसरी लोहचूर्णाची, हवा लागली की तापणारी, एकदाच चालणारी. ती बराच वेळ टिकते पण कचरा होतो. आम्ही पहिल्या प्रकारावर भागवलं.

हेल्मेटची इथे कायद्याने सक्ती नाही, तरी उतारावर जवळजवळ सगळ्यांच्या डोक्यावर ते असतं. गॉगल हेल्मेटबरोबरच लावून बघावा, मधे कपाळाची फट राहता कामा नये. आतल्या बाजूला बर्फ गेला तर तो घासून पुसू नका, वाफ न धरणारा थर निघून जातो. मऊ फडक्याने टिपायचा. आणि उन्हाचं मलम. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणजे हनुवटीखालीही भाजतं. ‘आम्ही मुळातच सावळे, आम्हाला काय होतंय’ म्हणणारा आमच्या घरातला माणूस गॉगलची पांढरी चौकट चेहऱ्यावर मिरवत पंधरा दिवस ऑफिसला गेला.

जायचं कुठे आणि कसं? आमचं नेहमीचं ठिकाण फ्लुम्सरबर्ग. झुरिकहून गाडीने, म्हणजे आगगाडीने, तासाभरात उंटरटेर्त्सेन. वालेनसे तळ्याच्या काठचं छोटं स्टेशन, आणि स्टेशनाला लागूनच गोंडोला, म्हणजे तारेवरून वर नेणारा पाळणा. तळं सव्वाचारशे मीटरच्या आसपास, गोंडोलातून उतरतो तिथे १,४०० मीटर, आणि समोर चुर्फिर्स्टेनची करवती रांग. नोव्हेंबर ते जानेवारी झुरिकवर धुक्याचं छप्पर कधीकधी आठवडा आठवडा हटत नाही. वर गेलं की त्याच दिवशी लख्ख ऊन. खरं सांगायचं तर अर्धे रविवार आम्ही स्कीसाठी नव्हे, उन्हासाठीच गेलो.

मुलांचं ज्युनियर कार्ड असलं की वर्षाला ३० फ्रँकमध्ये ती आईवडिलांबरोबर फुकट प्रवास करतात, आम्हां मोठ्यांचं अर्ध्या भाड्याचं कार्ड आहे. चारचाकीने जाऊन बघितलं. हिवाळी टायर, पार्किंग आणि परतीच्या वाटेवर झोपलेली मुलं उचलणं, यापेक्षा रेल्वे बरी. स्की घेऊन स्टेशनावर चालत जाताना पहिल्यांदा आपण फार अवजड दिसतोय असं वाटतं, मग लक्षात येतं की डब्यात निम्मे लोक तसेच आहेत.

खरा खर्च लिफ्टच्या पासाचा. मोठ्या माणसाचा दिवसाचा पास मध्यम ठिकाणीही साठ-सत्तर फ्रँकला पडतो, आणि हल्ली बऱ्याच ठिकाणी मागणीप्रमाणे दर वरखाली होतो. लहान मुलं असतील तर पूर्ण दिवसाचा घेऊच नये. दुपारचा अर्ध्या दिवसाचा पास घ्यावा, किंवा नुसता शिकाऊ पट्टा, जिथे सरकत्या गालिच्यावर उभं राहून वर जायचं असतं. झुरिकच्या शाळांना फेब्रुवारीत खेळाची सुट्टी असते, त्या पंधरवड्यात रांगा आणि दर दोन्ही डोंगराएवढे. आम्ही त्यातला पहिला आठवडा घरी काढला.

मुलांना शिकवणं स्की-शाळेवर सोडा. माझा नवरा अतिशय शांत माणूस आहे, पण बापाने ‘गुडघे वाकव’ म्हटलं की पोरं मुद्दाम ताठ उभी राहतात. शाळेत तेच वाक्य शिक्षिकेने स्विस जर्मनमध्ये म्हटलं की लगेच वाकतात. टोकं जवळ आणून थांबायचं ते ‘पिझ्झा’, स्की समांतर सोडायच्या ते ‘फ्राइज’, हे दोन शब्द आमच्या घरात आता जिन्यावरून पळणाऱ्यालाही ओरडून सांगतात. आयांनी मात्र दांड्याच्या लिफ्टचा सराव आधी एकटीने करावा. दोघांना मिळून ओढणारा तो उलटा टी आकाराचा दांडा असतो. त्यावर बसायचं नाही, नुसतं टेकायचं. सोबत मूल असलं की दांडा त्याच्या पाठीला आणि आपल्या मांडीमागे लागतो, आणि आपण अर्धवट वाकून डोंगर चढतो. माझी कंबर या लिफ्टला कधीच माफ करणार नाही.

उताराचे नियम मुलांना पाठ करून घ्या. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे १९६७ पासूनचे दहा नियम आहेत. त्यातला सगळ्यात कामाचा हा की पुढे, म्हणजे खाली असणाऱ्याला सांभाळायची जबाबदारी वरून येणाऱ्याची. दुसरा, थांबायचं तर कडेला. आपले लोक फोटोसाठी नेमके अरुंद वळणावर मधोमध उभे राहतात.

जानेवारीत सासू-सासरे आले आणि तेव्हा कळलं की घरातली सगळ्यात चांगली खरेदी स्कीची नव्हतीच. ब्रोकेनहाउसमधून, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानातून, एक लाकडी स्लेज घेतली होती, दावोसर म्हणतात तसली, अ‍ॅशच्या लाकडाची आणि खाली लोखंडी पट्ट्या. पट्ट्या गंजल्या होत्या, सँडपेपरने घासून मेण लावलं, झालं. ती घेऊन आम्ही प्रेडाला गेलो. हिवाळ्यात अल्बुला घाटाचा रस्ता वाहनांना बंद असतो आणि त्यावर प्रेडा ते बेर्ग्युन सुमारे सहा किलोमीटर स्लेजची वाट करतात. खाली पोचलं की रेल्वेने पुन्हा वर. ही रेल्वे म्हणजे २००८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेला अल्बुला मार्ग, डोंगराच्या पोटात गोल फिरून उंची चढवणारा. सासऱ्यांची हयात रेल्वेत गेलेली. ते स्लेजवर बसलेच नाहीत, तीन वेळा नुसते गाडीने वरखाली करून आले. सासूबाई मात्र नातीच्या मागे बसल्या. “अगं, ब्रेक कुठाय हिला?” “आजी, तुझ्या टाचा!” ब्रेक खरंच तेवढाच. म्हणून पायात घोट्यावरचे दणकट बूट आणि डोक्यावर हेल्मेट हवंच. सासऱ्यांची माकडटोपी हेल्मेटखाली मावत नाही, पातळ बुरखाटोपी घ्यावी लागते.

ज्यांना घसरायचंच नाही त्यांच्यासाठी बहुतेक ठिकाणी बर्फ दाबून केलेल्या चालायच्या वाटा असतात, गुलाबी पाट्यांच्या. वर एक उपाहारगृह असतंच. पाहुण्यांचा विमा मात्र निघण्याआधी वाचून घ्या, बऱ्याच प्रवास विम्यांत हिवाळी खेळ धरलेले नसतात. इथे नोकरी करणाऱ्यांना कामाबाहेरच्या अपघाताचं संरक्षण मालकाकडून असतं, मुलांचं आरोग्यविम्यात. पाहुण्या आलेल्या आईवडिलांचं तसं काही नसतं.

खाण्याचं आम्ही सरळ ठरवून टाकलं होतं. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, थर्मासमध्ये चहा. दुधात भिजवलेली दशमी थंडीतही चिवट होत नाही. संक्रांतीच्या आठवड्यात खिशात तिळाच्या वड्या होत्या. लिफ्टवर शेजारी बसलेल्या आजोबांना लेकीने दिली, त्यांनी आणखी एक मागितली. वर विकत खायचंच झालं तर शाकाहाऱ्यांना अ‍ॅल्पलरमाग्रोनेन चालतं, मॅकरोनी, बटाटा आणि चीज, बरोबर सफरचंदाचा गोड गर. मुलाने गर वेगळा खाल्ला आणि बाकीचं बापाला दिलं.

तक्रारी म्हणाल तर दोन. एका दुकानाने सामान परत घेताना स्कीच्या तळाला पडलेल्या ओरखड्याचे पैसे लावले. तो ओरखडा घेतानाच होता. घेण्याच्या दिवशी दुकानातच चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा. दुसरी, मार्चमधल्या फ्योनची. हा कोरडा उबदार वारा सुटला की वरच्या लिफ्ट बंद पडतात आणि खालचा बर्फ दुपारी लापशी होतो. आधी काढलेल्या पासाचे पैसे परत मिळतीलच असं नाही, म्हणून वाऱ्याचा अंदाज बघूनच पास काढायचा.

परत करायच्या आधी बुटांची आतली अस्तरं काढून दोन दिवस वाळवा, हीटरवर ठेवू नका. पुढच्या हंगामासाठी मुलांचं सामान सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच राखून ठेवा, मधली मापं सगळ्यात आधी संपतात. त्याच दिवसांत गावोगावी जुन्या स्कीसामानाचा बाजार भरतो, हेल्मेट सोडून बाकी सगळं तिथे बघायला हरकत नाही. मी नवऱ्याच्या बुटांसाठी जाणार आहे.