शेंबडी पकडायची की अडवायची? पुण्यातल्या भाजीबागेसाठी उपायांची तुलना

पावसाची झड लागून आठवडा झाला की पालकाची दोन पानांवर आलेली रोपं एका रात्रीत देठापासून गायब होतात आणि वाफ्याच्या विटेवर वाळलेल्या डिंकासारखी चमकदार रेघ तेवढी उरते. ही शेंबडीची, म्हणजे बिनशंखाच्या गोगलगायीची खूण. अळीने खाल्लं असेल तर पानावर किंवा खाली काळ्या लेंड्या सापडतात, इथे त्या नसतात. खात्री करायची असेल तर रात्री नऊच्या सुमारास बॅटरी घेऊन वाफ्यावर चक्कर मारा.

पुण्यातल्या परसबागांत नेहमी भेटते ती चपटी, तपकिरी-काळी, पाठीवर मधोमध फिकट रेघ असलेली जात. बोटाएवढी वाढते, हाताला चामड्यासारखी लागते. उन्हाळ्यात मातीत खोल दडून बसते, जूनमध्ये वर येते. २०२२ च्या खरिपात लातूर-बीडकडे सोयाबीन फस्त करणारी शंखी आफ्रिकन गोगलगाय वेगळी, पण खाली दिलेले बहुतेक उपाय तिलाही चालतात.

उपाय दोन जातीचे. एक पकडण्याचे, दुसरे अडवण्याचे. बाजारात आणि व्हिडिओंत चलती आहे ती अडवण्याच्या उपायांची, कारण ते एकदा करून विसरता येतात. पण निवडण्याआधी पाहायला हवं की शेंबडी बाहेरून येते आहे, की वाफ्यातच राहते आहे. जमिनीतल्या वाफ्यात ती जवळजवळ नेहमी आतच असते. विटेच्या फटीत, पालापाचोळ्याखाली, कुंडीच्या बुडाच्या भोकात. तिच्याभोवती कुंपण घातलं तर तुम्ही तिलाच आत कोंडता, तेही जेवणासकट.

पकडण्याचे उपाय

सगळ्यात खात्रीचा उपाय सगळ्यात कंटाळवाणा आहे: रात्री साडेआठ ते दहाच्या दरम्यान बॅटरी, हातमोजे आणि चिमटा घेऊन वेचणं. सुरुवातीला सलग आठ-दहा रात्री, मग आठवड्यातून दोनदा. मध्ये चार दिवस खंड पडला तर लहान पिल्लं सुटतात आणि दोन-तीन आठवड्यांत पहिले पाढे पंचावन्न. हातमोजे केवळ किळस येते म्हणून नाहीत. शेंबडीच्या अंगात उंदराकडून आलेला एक जंत असू शकतो आणि तो माणसाच्या मेंदूपर्यंत पोचतो. म्हणून अशा बागेतली कोथिंबीर, पालक एकेक पान वाहत्या पाण्याखाली धुवा, कच्ची तर न धुता मुळीच खाऊ नका.

वेचायचा वेळ नसेल तर गोणपाट. बागेच्या कामाला याच्याइतका स्वस्त सापळा दुसरा नाही. एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम गूळ विरघळवा, त्यात दोन बाय दोन फुटांचा गोणपाटाचा तुकडा भिजवून हलका पिळा आणि संध्याकाळी सहा-साडेसहाला रोपांपासून फूटभर अंतरावर पसरा. खाली दोन-तीन खडे ठेवा. पोतं जमिनीला घट्ट चिकटलं तर शेंबडीला शिरायला जागाच राहत नाही, आणि हा उपाय फसतो तो बहुधा इथेच. सकाळी सातच्या आत उलटा. उशीर झाला आणि पोतं सुकलं की ती पुन्हा मातीत. गुळाला मुंग्या लागणारच, म्हणून तिसऱ्या दिवशी पोतं धुऊन पुन्हा भिजवा. मुंग्यांचा फारच त्रास होत असेल तर गुळाऐवजी साधं ओलं पोतं आणि त्याखाली पपईची सालं किंवा कोबीची बाहेरची पानं. शंखी गोगलगाय तर पपईवर तुटून पडते.

बिअरचा सापळा बागकामाच्या विलायती सल्ल्यांमधून आला आहे. बिअर मुळीच लागत नाही, शेंबडीला ओढतो तो आंबल्याचा वास. २०० मिली कोमट पाण्यात दोन चमचे साखर आणि अर्धा चमचा यीस्ट घालून तासभर ठेवलं की तोच वास येतो. किमान ८ सेंटीमीटर खोल डबा घ्या, अर्धा किलो श्रीखंडाचा चालेल. तो मातीत पुरताना काठ दोन सेंटीमीटर वर ठेवा, नाहीतर शेंबडीवर जगणारे भुंगेरेही आत पडतात. वर छप्पर हवं, कारण पुण्याच्या जुलैतली रिपरिप एका रात्रीत डब्याचं पाणी करते. गोणपाटाशी तुलना केली तर हा सापळा हरतो. आजूबाजूच्या मीटरभरातल्याच शेंबड्या येतात, त्यातल्याही काही पिऊन निघून जातात. बाल्कनीतल्या चार कुंड्यांना ठीक, वाफ्याला नाही.

पकडलेल्यांचं काय करायचं? भिंतीपलीकडे टाकू नका, त्या परत येतात आणि शेजारीही येतात. एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे भांड्यांचा लिक्विड साबण किंवा चार मोठे चमचे मीठ घालून त्यात टाका. मिठाचं पाणी नंतर गटारात ओता, मातीत नाही. शेंबडीवर वाफ्यातच मीठ भुरभुरणं म्हणजे एक शेंबडी मारून पुढची कोथिंबीर घालवणं.

अडवण्याचे उपाय

तांब्याची पट्टी कुंड्यांपुरती विचारात घ्यायला हरकत नाही. शेंबडीच्या अंगावरच्या चिकट द्रवाची तांब्याशी क्रिया होते आणि ती मागे फिरते असं मानतात. पण ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०१८ मध्ये तांब्याची पट्टी, अंड्याची टरफलं, जाड रेती, लोकरीच्या गोळ्या असे अडथळे लेट्यूसभोवती लावून पाहिले, आणि अडथळा नसलेल्या रोपांइतकंच नुकसान याही रोपांचं झालं. त्यामुळे जमिनीतल्या वाफ्याला तांबं लावणं हा पैशाचा चुराडा. गच्चीवर लोखंडी स्टँड असेल तर गोष्ट थोडी बदलते, कारण तिथे वर चढायची वाट फक्त चार पायांवरून असते. कुंड्या आधी रिकाम्या करून तपासा, मग प्रत्येक पायाला किमान ५ सेंटीमीटर रुंद पट्टी टोकं एकमेकांवर चढवून गुंडाळा. बाजारातली अरुंद टेप पुरत नाही, कसब्यातल्या तांबट आळीत तांब्याच्या पत्र्याच्या उरलेल्या पट्ट्यांची चौकशी करा. पट्टी काळवंडली की देवाची भांडी घासतो तशी चिंच लावून घासा. आणि दोडक्याचा एक वेल जरी भिंतीला टेकला तरी पूल तयार.

चुना आणि राख कोरडी असेपर्यंतच काम करतात. म्हणजे शेंबडी फिरते त्या दिवसांत नेमकी करत नाहीत. पत्र्याच्या शेडखाली रोपवाटिका असेल तर १० सेंटीमीटर रुंद चुन्याचा पट्टा उपयोगी पडतो, उघड्यावर दर सरीनंतर पुन्हा टाकावा लागतो. पुण्याच्या बऱ्याच भागात माती काळी आणि बोअरचं पाणी जड असतं, दोन्ही आधीच अल्कधर्मी. त्यात चुना-राख ओतत राहिलात तर पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागतात, कारण झाडाला लोह मिळेनासं होतं. अंड्याची टरफलं कंपोस्टात टाका. कॉफीच्या चोथ्याचंही तसंच. २००२ मध्ये हवाईतल्या प्रयोगात शेंबड्या मेल्या त्या एक ते दोन टक्के कॅफिनच्या द्रावणाने, चोथ्यात तेवढा जोर नसतो.

दुकानात ‘गोगलगायीच्या गोळ्या’ म्हणून मिळतात त्या बहुधा मेटाल्डिहाइड या रासायनिक विषाच्या. या नैसर्गिक नाहीत आणि कुत्र्याने खाल्ल्या तर त्याच्या जिवावर बेततं. सोसायटीच्या बागेत त्या नकोतच. लोह फॉस्फेटच्या गोळ्या मिळाल्या तर त्या तुलनेने सौम्य. लेबलवर घटकाचं नाव वाचूनच घ्या, आणि ढीग न करता विरळ पसरा.

कोणी काय निवडावं

जमिनीत वाफे असतील तर गोणपाट आणि जोडीला जून-जुलैत रात्रीचं वेचणं. गच्चीवर स्टँड असेल तर तपासलेल्या कुंड्या आणि पायांना तांबं. दोन्हीकडे पाणी सकाळी घाला, संध्याकाळी नको. रात्री माती ओली ठेवणं म्हणजे तिला वाट करून देणं. पालापाचोळ्याचं आच्छादन हा पुण्यातल्या गच्चीबागांचा जीव, ते काढायची गरज नाही. पावसाळ्यात फक्त कोवळ्या रोपाभोवती १० सेंटीमीटरचं मोकळं कडं ठेवा. झेंडूची दोन रोपं कडेला लावलीत तर शेंबड्या तिथे जमतात आणि वेचायला सोप्या जातात. झेंडू मात्र गेला असं धरा. आसपास भारद्वाज दिसत असेल तर तो तुमच्याच बाजूचा आहे.

मे महिन्यात वाफे वीतभर खणून उन्हाला उघडे ठेवा, अंडी वाळून जातात. नर्सरीतून आणलेली कुंडी किंवा पिशवी लावण्याआधी तासभर काठापर्यंत पाण्यात बुडवा, लपलेल्या शेंबड्या वर येतात. पिशवी फाडताना तळाशी मण्यांच्या माळेसारखी पारदर्शक अंडी दिसली तर ती माती कंपोस्टात नको, काळ्या पिशवीत बांधून पंधरा दिवस कडक उन्हात ठेवा.