टेलि-मानस 14416: रात्री अडीचला केलेला फोन

मी एमबीबीएस थर्ड इयरला आहे, पुण्यात. गाव लातूरकडं, शाळा पूर्ण मराठी मीडियम. मागच्या टर्मला एका विषयात उडालो आणि त्यानंतर वॉर्डात पेशंटसमोर "तुला डॉक्टर कोणी केलं" असं ऐकून घ्यावं लागलं, तेव्हापासून झोप गेली, मेसला जाणं बंद, आईचा फोन आला की "जेवलो गं" म्हणायचं आणि ठेवायचा.

आता कोणी म्हणेल तुमच्याच हॉस्पिटलात सायकियाट्री म्हणजे मानसोपचाराची ओपीडी आहे की. आहे ना, पण केसपेपर काढणार कोण, तर ओळखीचे इंटर्न, आणि समोर बसणार तेच सर जे आमची पोस्टिंग घेतात. दोनदा जिन्यापर्यंत जाऊन परत आलो.

शेवटी रात्री अडीचला हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन 14416 लावला. टेलि-मानस ही मानसिक त्रासात फोनवर मदत करणारी केंद्र सरकारची सेवा आहे, 2022 च्या 10 ऑक्टोबरला सुरू झालेली, फुकट, चोवीस तास. ताई मराठीत बोलल्या हेच मला सगळ्यात मोठं वाटलं, कारण "जीव घाबराघुबरा होतो" हे मला इंग्रजीत सांगताच आलं नसतं. मी रडत होतो तर त्या म्हणाल्या, "सावकाश सांगा, घाई नाही." मग सरळ विचारलं, मरणाचे विचार येतात का? आम्ही पेशंटची हिस्टरी, म्हणजे आजाराची माहिती, घेताना हाच प्रश्न पुटपुटत उरकतो. त्यांनी विचारला आणि थांबल्या, मी हो म्हणालो. आत्ता एकटे आहात का, कुठे उभे आहात हे विचारून आधी मला खाली रूमवर जायला लावलं, पार्टनरला उठवायला लावलं आणि तोवर फोन ठेवला नाही.

एक सांगतो, नुसत्या फोनवर सगळं भागत नाही. प्रत्यक्ष दाखवा असं त्यांनीच सांगितलं, आता मी कॉलेजबाहेरच्या एका डॉक्टरांकडे जातो, गोळ्या चालू आहेत, झोप लागते.

एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) टास्क फोर्सच्या 2024 च्या रिपोर्टमध्ये सर्वे आहे, 25,590 यूजी (एमबीबीएसच्या) मुलांपैकी 27.8 टक्के मुलांनी मानसिक आजाराचं निदान झालंय असं सांगितलं. आमच्या 150 च्या बॅचला लावलं तर चाळीसेक जण होतात, आणि मला त्यातला एकही माहीत नाही.

माझ्याकडून 5 पैकी 5. फोन लागल्यावर आधी भाषा निवडायला सांगतात, तिथे रेकॉर्डिंग ऐकून फोन कट करू नका, पुढे माणूस येतो.