बँकॉकमधील आरोग्य-तपासणी: व्यवस्था चोख, चाचण्यांची यादी मात्र आपल्या मापाची नाही

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातील मराठी माणसाला वैद्यकीय कारणासाठी गाव सोडणे नवे नाही. डॉ. वानलेस यांनी मिरजेत रुग्णालय उभे केले तेव्हापासून मिरजेची वाट आपल्या पायाखालची आहे, आणि आज गोव्याचे व कोकणातले रुग्ण बेळगावच्या केएलई रुग्णालयात येतात. अशा ठिकाणी राहणाऱ्या धडधाकट माणसाने निव्वळ तपासणीसाठी बँकॉक गाठावे का, हा प्रश्न रास्तच आहे. आमची थायलंडची सहल आधीच ठरली होती, म्हणून साठीच्या आसपासच्या आम्हा पती-पत्नीने तिथल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयाचे सर्वांत वरच्या दर्जाचे पॅकेज घेतले. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून थेट परदेशी विमान नसल्याने मुंबई किंवा बंगळूर गाठावेच लागते. केवळ तपासणीसाठी निघणाऱ्याने तो खर्च आणि दगदग हिशेबात धरावी.

व्यवस्थेला मी पूर्ण गुण देईन. उपाशीपोटी रक्त देण्यापासून छातीचा एक्स-रे, पोटाची व मानेची सोनोग्राफी, ट्रेडमिलवरची हृदयतपासणी आणि पत्नीची मॅमोग्राफी इथपर्यंत सारे एकाच मजल्यावर झाले. कुठे रांग नाही, पुढे कुठल्या खोलीत जायचे हे विचारत फिरणे नाही. दुपारी डॉक्टरांनी अहवालातील प्रत्येक आकडा समजावून सांगितला, घरातील मधुमेहाची चौकशी केली आणि लोणच्या-पापडातील मिठाचाही विषय काढला. आपल्याकडे तपासण्या तशाच होतात, यंत्रेही बहुधा त्याच तोडीची असतात. पण रिपोर्ट खिडकीवर मिळतो आणि डॉक्टरांना दाखवायचा नंबर वेगळा लावावा लागतो. पैसे कशाचे मोजले असे कोणी विचारले, तर त्या निवांत बोलण्याचे, असे मी सांगेन.

तक्रार आहे ती चाचण्यांच्या यादीबद्दल. सीईए, सीए १९-९, सीए १२५ या रक्तचाचण्या 'कर्करोगाची तपासणी' म्हणून पॅकेजमध्ये घातलेल्या होत्या. या चाचण्यांचा खरा उपयोग निदान झालेल्या रुग्णावर लक्ष ठेवण्यासाठी होतो. लक्षणे नसलेल्या माणसात कर्करोग नसतानाही त्यांचे आकडे वाढलेले दिसू शकतात आणि कर्करोग असूनही ते सामान्य राहू शकतात, म्हणून सरसकट तपासणीसाठी त्यांची शिफारस केली जात नाही. संपूर्ण शरीराचा सीटी स्कॅनही जादा पैसे भरून घेण्याचा आग्रह झाला, तो आम्ही नाकारला. निरोगी माणसाला त्याचा फायदा सिद्ध झालेला नाही, आणि पोटाच्या एका सीटीमध्येच छातीच्या साध्या एक्स-रेच्या शेकडो पट किरणोत्सर्ग असू शकतो.

मानेच्या सोनोग्राफीत पत्नीच्या थायरॉइडमध्ये एक सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ दिसली आणि त्याच संध्याकाळी सुईने नमुना घेण्याचा सल्ला मिळाला. दक्षिण कोरियात १९९९ नंतर कर्करोग तपासणीच्या जोडीने अशी सोनोग्राफी सर्रास होऊ लागली, तेव्हा २०११ पर्यंत थायरॉइड कर्करोगाच्या नोंदी १९९३ च्या पंधरा पट झाल्या. मृत्यूंचे प्रमाण मात्र होते तिथेच राहिले. गाठी सापडत गेल्या, शस्त्रक्रिया होत गेल्या, जीव वाचल्याचे दिसले नाही. आम्ही नमुना न देता परतलो. बेळगावच्या तज्ज्ञांनी चित्रे पाहून, एवढ्या लहान आणि संशयास्पद नसलेल्या गाठीला सुई लावण्याची गरज नाही, काही काळाने सोनोग्राफी पुन्हा करू, असे सांगितले. मधले दिवस घरात कोणाला नीट झोप लागली नाही. पॅकेजच्या किमतीत हे लिहिलेले नसते.

एवढ्या लांबलचक यादीत कोणी आम्हाला तोंड उघडून दाखवायला सांगितले नाही. निपाणी परिसर तंबाखूचा. गुटखा, मिश्री, विडी आपल्या घराघरांतून माहीत आहे. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची तपासणी सांगितली आहे. तोंड तपासायला चांगला उजेड आणि जाणकार नजर पुरते, प्राथमिक आरोग्य केंद्रातही हे काम होऊ शकते. बँकॉकचे पॅकेज साऱ्या जगातून येणाऱ्या ग्राहकांसाठी बेतलेले असल्याने त्यात आपला तंबाखू बसत नाही, हे मी समजू शकतो. पण सर्वांत महाग पर्याय घेणाऱ्याला तंबाखू खाता का, एवढे तरी विचारायला हवे होते.

तरीही जायचेच असेल, तर मधले पॅकेज घ्यावे आणि यादी आधी आपल्या फॅमिली डॉक्टरांना दाखवून काय गाळायचे ते ठरवावे. प्रवास विमा सहसा ठरवून केलेल्या तपासणीचा खर्च देत नाही. छापील अहवालासोबत सोनोग्राफी व मॅमोग्राफीच्या मूळ चित्रांची डिस्क मागून घ्यावी, कारण इथल्या डॉक्टरांना तुलनेसाठी तीच लागते. थायलंडमध्ये साखर आणि कोलेस्टेरॉलचे आकडे आपल्यासारखेच मिलिग्रॅममध्ये येतात. ब्रिटनमध्ये तपासणी केल्यास ते मिलिमोलमध्ये मिळतात, तेव्हा साखरेच्या आकड्याला १८ ने गुणावे. थाई भाषेतील पावतीवर बुद्ध संवताचे वर्ष असते, ते आपल्या इसवी सनाच्या ५४३ वर्षे पुढे असते. कार्यालयात बिल सादर करणाऱ्यांनी इंग्रजी प्रत त्याच दिवशी काउंटरवरून घ्यावी.