थिओफानीस, प्सेलोस की ॲना: बायझंटाईन इतिवृत्तांपैकी आधी कोणतं वाचावं?

बायझंटाईन साम्राज्यावरची, म्हणजे कॉन्स्टँटिनोपल राजधानी असलेल्या पूर्व रोमन साम्राज्यावरची, एक-दोन आधुनिक पुस्तकं वाचून झाली की मूळ ग्रंथ वाचायची ओढ लागते, आणि सुरुवात कुठून करायची इथेच गाडी अडते. इंग्रजी अनुवादात मिळणारे तीन ग्रंथ बहुतेकांच्या यादीत असतात: थिओफानीसचं इतिवृत्त, मायकेल प्सेलोसचा ‘क्रोनोग्राफिया’ आणि ॲना कोम्नेनेचा ‘अलेक्सियाड’. माझं मत आधीच सांगून टाकतो. एकच घ्यायचा असेल तर ॲना घ्या. अभ्यास पुढे न्यायचा असेल तर मात्र थिओफानीसला पर्याय नाही.

मराठी वाचकाला शकावली आणि बखर यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. थिओफानीस शकावलीच्या घराण्यातला, बाकीचे दोघे बखरीच्या जवळचे. जेधे शकावलीतल्या एका त्रोटक नोंदीने शिवजन्माच्या तारखेच्या वादात केवढं वजन टाकलं, हे आपण जाणतोच. थिओफानीसचं मोल त्याच प्रकारचं आहे.

हा मठवासी संन्यासी. जॉर्ज सिंकेलोस या त्याच्या मित्राने सृष्टीच्या उत्पत्तीपासून रोमन सम्राट डायोक्लिशनपर्यंतचा काळ लिहून ठेवला होता. थिओफानीसने तिथून, म्हणजे 284 पासून, 813 पर्यंत काम नेलं. प्रत्येक वर्षाच्या माथ्यावर जगाच्या उत्पत्तीपासूनचं वर्ष, ख्रिस्ताचं वर्ष, सम्राटाच्या कारकिर्दीचं वर्ष, इराणच्या राजाचं किंवा पुढे खलिफाचं वर्ष आणि धर्मगुरूंची वर्षं. खाली कधी दोन पानं मजकूर, कधी एकच ओळ. सलग वाचायला बसलात तर पन्नासाव्या पानावर कंटाळा येईल, हे कबूल करायला हवं. पण सातव्या-आठव्या शतकांसाठी ग्रीक भाषेत सलग हकीकत सांगणारं दुसरं आहे तरी काय? पेट्रिआर्क (कॉन्स्टँटिनोपलचा मुख्य धर्मगुरू) निकेफोरोसचा 602 ते 769 या काळाचा छोटा इतिहास, बस्स. हे दोन काढून घेतले तर कॉन्स्टँटिनोपलवरचे अरबांचे हल्ले, ग्रीक अग्नी हे जळत्या द्रवाचं अस्त्र आणणारा कॅलिनिकोस, मूर्तिभंजनाचा, म्हणजे ख्रिस्त आणि संतांच्या चित्रांची पूजा करावी की नाही याचा वाद, या सगळ्याची ग्रीक बाजूची हकीकत जवळपास पुसली जाते.

त्याच्या पूर्वग्रहाचं काय? तो उघड आहे. थिओफानीस मूर्तिपूजेच्या बाजूचा होता आणि त्यासाठी त्याने अखेरीस सॅमोथ्रेस बेटावर हद्दपारी सोसली. त्यामुळे मूर्तिभंजक सम्राट पाचवा कॉन्स्टंटाईन त्याच्या लेखी राक्षसच. बाप्तिस्म्याच्या वेळी या बाळाने पवित्र पाणी विष्ठेने बाटवलं, ही गोष्ट तो सांगतो. पण याच सम्राटाच्या काळात दुष्काळ पडला, तेव्हाची नोंद वाचा. 626 मध्ये अवारांनी मोडलेला जुना जलसेतू कॉन्स्टंटाईनने दुरुस्त करायला घेतला. आशिया आणि पोंटसमधून 1,000 गवंडी व 200 गिलावा करणारे, ग्रीस व बेटांवरून मातीकाम करणारे 500 कारागीर, थ्रेसमधून 5,000 मजूर आणि 200 वीटवाले आणले, असं थिओफानीस लिहितो. शत्रूच्या लेखणीतून उतरलेला हा आकडा इतिहासकाराला सोन्यासारखा. एवढी माणसं प्रांताप्रांतांतून गोळा करता येतात, म्हणजे राज्ययंत्रणा शाबूत होती. राजधानीत हे कारागीर पुरेसे नव्हते, असाही अर्थ त्यातून निघतो, आणि वीसेक वर्षांपूर्वीच्या प्लेगच्या वर्णनाशी तो जुळतो. असे दुवे सापडायला लागले की हा रुक्ष ग्रंथ हातातून सुटत नाही.

एक सावधगिरी बाळगावी लागते. सातव्या-आठव्या शतकांतल्या बऱ्याच नोंदींत त्याचं सृष्टीवर्ष आणि करआकारणीचं पंधरा वर्षांचं चक्र यांत एका वर्षाचा फरक पडतो. म्हणून त्याची तारीख जशीच्या तशी उचलायची नाही. सिरिल मँगो आणि रॉजर स्कॉट यांच्या 1997 च्या अनुवादात टिपा भरपूर आहेत, त्या सोडून पुढे जाऊ नका.

प्सेलोसकडे आलात की हवाच बदलते. 1018 मध्ये जन्मलेला हा विद्वान दरबारात वावरला, सम्राटांना सल्ले देत राहिला. 976 पासून सुमारे शतकभरात होऊन गेलेल्या 14 राज्यकर्त्यांची चित्रं त्याने काढली आहेत. संतापला की दाढीचे केस बोटांत पिळणारा दुसरा बॅसिल, आपल्या खोलीत शेगड्या पेटवून अत्तरं बनवत बसणारी सम्राज्ञी झोई. 1042 मध्ये लोक पाचव्या मायकेलवर उठले, तेव्हाचं वर्णन तर श्वास रोखून वाचावं असं. मायकेल आणि त्याचा काका स्टुडिओस मठात आश्रयाला शिरले. प्सेलोस तिथे हजर होता. पवित्र मेजाला घट्ट धरून बसलेला सम्राट त्याने पाहिला, आणि पुढे दोघांचे डोळे काढताना काका कसा धीराने सामोरा गेला, पुतण्या कसा कोसळला, तेही लिहून ठेवलं.

वाचनाच्या आनंदात तिघांत हाच पहिला. पण घटनांचा सांगाडा हवा असेल तर प्सेलोसकडून निराशा होईल. तारखा क्वचित. बॅसिलने बल्गेरियाशी वर्षानुवर्षं केलेलं युद्ध जवळजवळ गाळलेलं. शेवटचं प्रकरण तर सत्तेवर असलेल्या सातव्या मायकेलची, म्हणजे स्वतःच्याच शिष्याची, निव्वळ स्तुती. 1071 मध्ये मँझिकर्टला तुर्कांकडून हरलेल्या आधीच्या सम्राटाचा, रोमानोसचा, तो विरोधक. पुढे रोमानोसचे डोळे काढले गेले, तेव्हा सातव्या मायकेलला त्याची कल्पना नव्हती असं प्सेलोस सांगतो. त्याच आंधळ्या झालेल्या रोमानोसला, देवाने तुला श्रेष्ठ प्रकाशासाठी निवडलं, अशा अर्थाचं पत्रही त्यानेच लिहिलं. मला हे वाचताना दर वेळी चीड येते. म्हणून रोमानोसबद्दल त्याचा शब्द एकट्याने धरू नये. लष्करी न्यायाधीश म्हणून त्या मोहिमेवर गेलेल्या मायकेल अटालिआटिसचा इतिहास शेजारी ठेवावा.

आता ॲना. सम्राट पहिल्या अलेक्सियोसची ही थोरली मुलगी, जन्म 1083 चा. वडिलांच्या कारकिर्दीचा, म्हणजे 1081 ते 1118 चा, इतिहास तिने उतारवयात 15 भागांत लिहिला. बापाचं कौतुक पानोपानी आहे, कालक्रमातही घोळ आहेत. तरीही मी तिला पुढे ठेवतो, कारण तिला तपासून पाहायची साधनं वाचकाच्या हाताशी आहेत. एक तर ती कागदपत्रं देते: व्हेनिसला दिलेल्या सवलतींचं फर्मान, क्रूसेडर सरदार बोहेमंडशी झालेला 1108 चा डेव्हॉलचा करार. दुसरं म्हणजे पहिल्या क्रूसेडबद्दल, म्हणजे पश्चिम युरोपातून जेरुसलेमकडे निघालेल्या ख्रिस्ती धर्मयुद्धाबद्दल, पश्चिमेकडच्यांनीही भरपूर लिहिलं आहे.

जून 1098 चंच घ्या. अँटिओकमध्ये अडकलेल्या क्रूसेडरांच्या मदतीला निघालेला अलेक्सियोस फिलोमेलियनहून मागे फिरला. ब्लुआचा स्टीफन वगैरे पळून आलेल्या सरदारांनी सगळं संपल्याचं सांगितलं, मोठी तुर्की फौज चालून येत होती, म्हणून तो फिरला, असं ॲना म्हणते. लॅटिन लेखकही स्टीफनची भेट मान्य करतात, फक्त त्यांच्या लेखी सम्राटाचं माघारी जाणं हा दगा. घटना दोन्हीकडे एक, वाद हेतूचा. याउलट मार्च 1095 मध्ये पिआचेंझाच्या धर्मसभेत अलेक्सियोसचे दूत मदत मागायला गेले होते, हे लॅटिन साधनांतून कळतं. ॲना त्यावर गप्प आहे. तिच्या ग्रंथात क्रूसेडरांची फौज जणू अचानक येऊन थडकते. बापाने बोलावलेलं संकट लेकीने झाकलं, असं मी त्याचं कारण लावतो. साधनं कशी तपासायची हे शिकायला यापेक्षा सोपी जागा या तिन्ही ग्रंथांत मला दिसत नाही.

खर्चाचा विचार केला तरी पारडं ॲनाकडेच झुकतं. एलिझाबेथ डॉसचा 1928 चा अनुवाद इंटरनेटवर फुकट वाचता येतो. ई. आर. ए. स्यूटरचा सुधारलेला अनुवाद पेंग्विनच्या स्वस्त आवृत्तीत आहे, प्सेलोसही स्यूटरच्याच अनुवादात पेंग्विनकडे मिळतो. मँगो-स्कॉटचा जाडजूड थिओफानीस खिशाला परवडणारा नाही, तो ग्रंथालयातूनच आणावा.

तुमची ओढ 1204 मध्ये क्रूसेडरांनी केलेल्या कॉन्स्टँटिनोपलच्या लुटीकडे असेल तर हे तिघेही बाजूला ठेवा आणि निकेटास कोनिआटिस घ्या. स्वतःचं घर गमावून, कुटुंबासह शहराबाहेर पडलेल्या माणसाने ते लिहिलं आहे. बाकीच्यांनी ‘अलेक्सियाड’चे दहावा आणि अकरावा हे भाग आधी वाचावेत. क्रूसेड तिथेच आहे, आणि आवडलं तर मग पहिल्या भागापासून सुरुवात करता येते.